महिपतींची संतचरित्रे : सद्‌गुण, जात आणि दंभ

महिपती ताहराबादकर (१७१५–९०) ह्यांनी अठराव्या शतकात रचिलेल्या ओवीबद्ध संतचरित्रांत माणसाचा खरा सद्‌गुण आणि त्याला समाजात लाभलेला दर्जा ह्यांतील विरोध, तसेच त्या विरोधातून उद्‌भवणारा दंभ, हा एक प्रमुख कथाविषय आहे. संतलीलामृत (१७५७), भक्तविजय (शके १६८४–१७६२) व भक्तलीलामृत (शके १६९६–१७७४) हे त्यांचे महत्त्वाचे चरित्रग्रंथ होत. त्यांपैकी भक्तविजयाचे सत्तावन्न आणि भक्तलीलामृताचे एक्कावन्न अध्याय आहेत. भाविकांनी हे ग्रंथ पारायणासाठी वाचले, तर इतिहासकारांनी संतांविषयीच्या माहितीसाठी. समाजातील माणसांचे निरीक्षण करणारे आणि त्यांच्या वागण्यातील विसंगतीवर हसणारे कथनात्मक वाङ्‌मय म्हणून त्यांच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विचार ह्या शेवटच्या अंगाने केला आहे.

महिपतींच्या काळी मराठीत कादंबरी हा प्रकार अस्तित्वात नव्हता. बाबा पदमनजींची यमुनापर्यटन ही कादंबरी १८५७ साली प्रसिद्ध झाली. परंतु घर, बाजार, कचेरी, देऊळ आणि नदीचा घाट ह्यांतून वावरणाऱ्या नाना थरांतील माणसांची दीर्घ कथा सांगण्याची गरज कादंबरीच्या जन्मापूर्वीही होतीच आणि ती मराठीत मुख्यतः चरित्रकाव्याने व बखरीने भागविली. योगायोग असा, की महिपतींच्या ऐन उमेदीच्या काळात इंग्लंडमध्ये हेन्री फील्डिंग (१७०७–५४) हा जोसेफ अँड्र्यूज (१७४२) व टॉम जोन्स (१७४९) ह्या विनोदी कादंबऱ्यांतून नेमका हाच प्रश्न मांडीत होता : सद्‌गुण कुळाबरोबर येतो काय आणि सद्‌गुणाचा आव आणणाऱ्याला ओळखावे कसे? ह्या दोन लेखकांत कोणत्याही प्रकारचा संपर्क असणे शक्य नव्हते. त्यांच्यातील साम्य प्रभावाचे नसून प्रश्नाचे आहे आणि म्हणूनच त्यांची उत्तरे जेथे वेगळी होतात, ती स्थळे अभ्यासकाला अधिक उद्‌बोधक ठरतात.

कर्ता व काळ : महिपती हे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील ताहराबादचे देशस्थ ब्राह्मण. गावचे कुलकर्णीपण त्यांच्या घराण्यात होते आणि काही काळ त्यांनी जहागीरदाराची चाकरीही केली. पूजेत असताना कचेरीतून बोलावणे आले, तेव्हा काम उरकून परत येताच त्यांनी चाकरी सोडली आणि सरकारी कामासाठी लेखणी न धरण्याची शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. ह्या आख्यायिकेपेक्षाही त्यांच्या वाङ्‌मयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की ज्या लेखणीने त्यांनी संतांची चरित्रे लिहिली, ती मूळची वसुलाचे हिशेब लिहिणारी लेखणी होती. वरिष्ठांची मर्जी, मत्सरी सहकाऱ्याची चहाडी, रकमेची पावती, जमिनीवरील हक्काची ओढाताण ह्या बाबी त्यांच्या कथांतून मोठ्या सहजतेने येतात.

भक्तविजय पूर्ण झाला तो काळ पानिपतच्या पराभवानंतरचा (१७६१). मराठवाड्याच्या भूमीवर तर मराठे व निजाम ह्यांच्यातील उदगीरची लढाई (१७६०) नुकतीच झालेली होती आणि राक्षसभुवनची (१७६३) लवकरच व्हावयाची होती. असे असूनही महिपतींच्या कथांतील मुसलमान राजे व अंमलदार हे केवळ परधर्मी म्हणून खलपुरुष ठरत नाहीत. त्यांच्यातील काही जुलमी, काही लहरी आणि काही पश्चात्ताप पावणारे आहेत. म्हणजेच ते हिंदू सावकार, शास्त्री व बडवे ह्यांच्याच मापाने मोजले गेले आहेत. एका विशिष्ट समाजाऐवजी अधिकार ह्या वस्तूवरच लेखकाची नजर असल्याचे हे द्योतक आहे.

प्रदेश व पात्रे : महिपतींच्या पात्रसृष्टीचा मोठा भाग गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांशी, म्हणजे आजच्या नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांच्या आसपासच्या मुलखाशी निगडित आहे. नांदेडच्या वायव्येस औंढा नागनाथ आणि नामदेवांच्या घराण्याशी परंपरेने जोडलेले नर्सी. पश्चिमेस जनाबाईंचे गंगाखेड. लातूरच्या उत्तरेस जगमित्र नागांची परळी. पश्चिमेस गोरोबा कुंभारांचे तेर. आग्नेयीस, ज्याच्या दरबाराचा धाक अनेक कथांवर पसरलेला आहे, ते बेदर (बीदर) आणि गोदावरीच्या वरच्या अंगास भानुदास-एकनाथांचे पैठण. ह्या भागातील श्रोत्यांना भक्तविजयाची पोथी ऐकताना कथेतील गावे ओळखीची वाटत आणि कथेतील अधिकाराच्या पायऱ्याही ओळखीच्या वाटत. शिंपी, कुंभार, न्हावी, महार, सोनार, दासी, कलावंतिणीची मुलगी हे एकीकडे आणि शास्त्री, बडवे, मुजुमदार, हवालदार व राजा हे दुसरीकडे, अशी ह्या पात्रांची ढोबळ विभागणी करता येते. मात्र सद्‌गुणांची वाटणी ह्या पायऱ्यांप्रमाणे झालेली नाही, हेच महिपतींच्या कथांचे सूत्र होय.

अभिमान आणि दंभ : जोसेफ अँड्र्यूजच्या प्रस्तावनेत फील्डिंगने खऱ्या हास्यास्पदतेचे मूळ ‘आव आणणे’ ह्या वृत्तीत शोधले आणि तिचे दोन उगम सांगितले : पोकळ अभिमान व दंभ. अभिमानी मनुष्य आपल्याजवळ असलेल्या किंवा आहे असे वाटणाऱ्या गुणाचे प्रदर्शन करतो. दांभिक मनुष्य आपल्यातील दुर्गुण लपविण्यासाठी त्याच्या नेमक्या उलट गुणाचे सोंग घेतो. मराठीतही ही जाण जुनी आहे. रामदासांनी दासबोधात ‘पढतमूर्खा’चे स्वतंत्र लक्षण सांगितले आणि तुकारामांनी बाह्य वेषाच्या भक्तीवर कठोर प्रहार केले. महिपतींनी अशी व्याख्या कोठे केलेली नाही. परंतु त्यांच्या पात्रांकडे पाहिले असता हा भेद त्यांनी प्रत्यक्षात काटेकोरपणे पाळल्याचे दिसून येते.

अभिमानी पात्राचे उत्तम उदाहरण म्हणजे परिसा भागवत. त्याला रुक्मिणीच्या कृपेने परीस मिळालेला आहे. त्याची पत्नी नामदेवांच्या पत्नीची, राजाईची, मैत्रीण. घरातील दारिद्र्याने गांजलेल्या राजाईला ती तो परीस गुपचूप देते. नामदेवांना हे कळताच ते तो चंद्रभागेत टाकून देतात. परिसा भागवताने केलेला कांगावा, त्याभोवती जमलेली बघ्यांची गर्दी आणि नामदेवांनी पाण्यात बुडी मारून ओंजळभर खडे वर काढल्यावर त्यांतील प्रत्येक खडा परीसच निघणे, हा प्रसंग महिपतींनी रंगवून सांगितला आहे. परिसा भागवत खोटा नाही. त्याची भक्ती खरी, त्याचा परीसही खरा. तथापि आपण ब्राह्मण आणि समोरचा शिंपी, आपल्याजवळ दुर्मिळ वस्तू आणि त्याच्या घरी अन्नाची वाण, ह्या दोन जाणिवा त्याच्या भक्तीत मिसळलेल्या आहेत. नदीतले सारेच खडे परीस ठरतात, तेव्हा त्याची वस्तू नाहीशी होत नाही. नाहीसे होते ते तिचे दुर्मिळपण, म्हणजेच त्याच्या अभिमानाचा आधार. त्यामुळे तो ओशाळतो आणि सुधारतो.

तुकारामचरित्रातील वाघोलीचे रामेश्वरभट्ट हेही अशाच प्रकारचे पात्र. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगू नये, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक आहे आणि तुकारामांच्या वह्या नदीत बुडविण्याची आज्ञा ते त्याच श्रद्धेने देतात. पुढे वह्या तरल्या, रामेश्वरभट्टांचा दाह तुकारामांच्या कृपेने शमला आणि ते तुकारामांचे अनुयायी झाले. प्रामाणिक चूक आणि दंभ ह्यांत लेखकाने केलेला हा फरक महत्त्वाचा आहे. कारण प्रत्येक विरोधकाला ढोंगी ठरविणे हाच भाविक चरित्रकाराला सोपा मार्ग होता.

ह्याउलट देहूचा मंबाजी गोसावी हा शुद्ध दंभाचा नमुना. तो कीर्तनाला येऊन बसतो, विरक्ताचा वेष धारण करतो, पण लोक तुकारामांकडे वळल्याने त्याच्या मानाला आणि मिळकतीला ओहोटी लागलेली असते. तुकारामांची म्हैस त्याच्या बागेत शिरणे आणि त्याने लावलेले काटेरी कुंपण तुकारामांनी वाटेतून दूर करणे, एवढे निमित्त त्याला पुरते व तो त्यांना काटेरी फांद्यांनी झोडपतो. त्या रात्री तो कीर्तनास येत नाही, तेव्हा तुकाराम स्वतः त्याला बोलावण्यास जातात आणि मारून मारून त्याचेच अंग दुखत असेल, म्हणून त्याचे अंग चेपू लागतात. दंभावर इतका सौम्य आणि इतका जिव्हारी लागणारा विनोद मराठी चरित्रवाङ्‌मयात क्वचितच आढळतो. फील्डिंगच्या ब्लिफिलला शेवटपर्यंत लाज वाटत नाही. दर वर्षी दोनशे पौंडांचे वेतन मिळवून, एका श्रीमंत विधवेशी विवाह जुळविण्यासाठी तो मेथडिस्ट पंथात जातो, म्हणजे एक सोंग उतरवून दुसरे चढवितो. महिपतींच्या जगात मात्र दांभिकालाही लाज वाटते. ह्या विश्वासामुळे त्यांचा विनोद कडवट होत नाही. परंतु ह्याच विश्वासामुळे दंभाच्या चिवटपणाचे संपूर्ण दर्शन ते घडवू शकत नाहीत, हेही खरे.

धर्माचे नाव पुढे करून स्वार्थ साधणाऱ्या अधिकाऱ्याचे चित्र परळीच्या जगमित्र नागांच्या कथेत आहे. ह्या भिक्षुकाला गावाने दिलेली जमीन नवा अंमलदार हिरावून घेऊ पाहतो. आपल्या मुलीच्या लग्नात कुलाचार म्हणून वाघ लागतो, तो आणून दिल्यास जमीन सोडू, अशी अट तो घालतो. अट धार्मिक दिसते, अर्थ मात्र जमीन बळकावण्याचा. जगमित्र ही अट अक्षरशः खरी मानून रानात जातात आणि वाघ घेऊन येतात. मग साऱ्या गावाची पळापळ होते आणि खुद्द अंमलदारावर त्यांची विनवणी करण्याची पाळी येते. कावेबाज माणसाच्या शब्दावर साध्या माणसाने पूर्ण विश्वास ठेवावा आणि त्या विश्वासानेच कावा उघडा पडावा, ही विनोदाची युक्ती येथे अचूक साधली आहे.

दर्जाची उलटापालट : दामाजीपंतांच्या कथेत महिपतींमधील कुलकर्णी आणि भक्त हे दोघेही एकत्र येतात. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी धान्यकोठारे दामाजीपंत लुटू देतात. हाताखालचा मुजुमदार बेदरला चहाडी करतो. आणि विठ्ठल महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरतो. कथेतील देव राजासमोर मुकुट घालून उभा राहत नाही. तो काठी-घोंगडी घेऊन गावच्या महाराप्रमाणे जोहार करतो, पैसे मोजून देतो आणि हटकून पावती मागून घेतो. त्याच्या लहानशा थैलीतून निघणाऱ्या नाण्यांचा ढीग सरत नाही आणि दरबार थक्क होतो. पुढे ती पावती दामाजीपंतांना पोथीत सापडते. सरकारी शिक्क्याचा कागद हा देवाच्या भेटीचा पुरावा ठरावा, ही कल्पना कचेरीत बसलेल्या लेखकालाच सुचावी अशी आहे. मंगळवेढ्याचा हा अधिकारी ब्राह्मण चाकरी सोडतो तो ह्या जाणिवेने, की ज्याला आपण महार समजलो असतो, त्यानेच आपली अब्रू राखली.

सेना न्हाव्याच्या कथेत सेना पूजेत मग्न असताना राजाचे बोलावणे येते, तो जात नाही आणि देव धोकटी घेऊन राजाची हजामत करावयास जातो. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसते आणि पुढे तो कालच्याच न्हाव्याचा ध्यास घेतो. हीन मानलेला धंदा देवाने स्वतः करावा आणि तो करताना देवपण कमी होऊ नये, हा ह्या कथांचा गाभा होय. औंढा नागनाथाच्या कथेत तर देऊळच आपली दिशा बदलते : ब्राह्मणांनी नामदेवांना देवळाच्या समोरून हुसकून मागे पाठविले, तेव्हा ज्या बाजूला नामदेवांचे कीर्तन चालू होते, त्या बाजूस देऊळ फिरले.

जनाबाईंच्या कथेत विरोध अधिक तीव्र आहे. देवाचे पदक दासीच्या झोपडीत सापडते. देव स्वतःच ते तेथे विसरून तिची वाकळ पांघरून गेलेला असतो; परंतु देवळातील मंडळी चौकशीची गरज न मानता तिला चोर ठरवितात. संशय हा नेहमी दर्जाच्या उतारावरून खाली वाहतो, हे महिपतींनी येथे नेमके टिपले आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेच्या कथेतही हाच संशय वेगळ्या रूपाने येतो. कलावंतिणीच्या मुलीला शील असू शकते, हे बेदरच्या राजाला तर पटत नाहीच. खुद्द तिच्या आईच्याही ते कल्पनेबाहेर असते. सॅम्युएल रिचर्डसनच्या पॅमेलामध्ये (१७४०) दासीच्या शीलाचे बक्षीस म्हणजे धन्याशी विवाह. ह्या व्यवहारी नीतीची फील्डिंगने थट्टा केली होती. कान्होपात्रेला कोणतेच लौकिक बक्षीस मिळत नाही. विठ्ठलाच्या पायाशी तिचा देह पडतो, आणि येथे कथाकाराने विनोद पूर्णपणे बाजूला ठेवला आहे.

सद्‌गुणाची किंमत : संतांच्या सद्‌गुणाची किंमत त्यांच्या घरातील माणसांना मोजावी लागते, हे महिपतींनी लपविलेले नाही. नामदेवांची आई गोणाई, पत्नी राजाई आणि तुकारामांची पत्नी जिजाई ह्या स्त्रियांची भांडणे त्यांच्या कथांत मोकळेपणाने येतात. उपाशी पोरे, रिकामी उतरंड आणि दारात उभे असलेले देणेकरी ह्यांच्यामुळे ह्या स्त्रिया देवालाही बोल लावतात. परंपरागत श्रोता त्यांच्यावर हसतो आणि लेखकही त्यांना ‘प्रपंचात गुंतलेल्या’ म्हणतो. परंतु ह्या कथांतील सर्वांत दंभमुक्त भाषा त्यांचीच आहे. त्यांना भुकेखेरीज दुसरे काही सिद्ध करावयाचे नसते. महिपतींनी देवाला सावकाराच्या वेषात राजाईच्या दारी धनाची थैली घेऊन पाठविले आहे. तिच्या तक्रारीत तथ्य आहे, ह्याची ती एक प्रकारची कबुलीच होय.

भक्तलीलामृतातील एकनाथचरित्रात ह्या विषयाचा सर्वांत सूक्ष्म आविष्कार आढळतो. एकनाथांना राग आणून दाखविल्यास दोनशे रुपये देऊ, असे पैठणचे काही टवाळ लोक एका गरजू ब्राह्मणाला सांगतात. तो सोवळ्यात बसलेल्या एकनाथांच्या देवघरात तसाच शिरतो, त्यांच्या मांडीवर जाऊन बसतो आणि जेवणाच्या वेळी वाढण्यासाठी वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढतो. ब्राह्मण पडेल, त्याला सांभाळ, असे एकनाथ म्हणतात; मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची आपल्याला सवय आहे, असे गिरिजाबाई सांगतात. प्रसंग निखळ हास्याचा आहे. परंतु त्याचे मर्म पुढे आहे. ब्राह्मण हताश होऊन खरी हकीकत सांगतो, तेव्हा ती आधी कळली असती, तर तुला पैसे मिळावेत म्हणून आपण रागावलो असतो, असे एकनाथ त्याला म्हणतात. दांभिक मनुष्य स्वतःच्या लाभासाठी सद्‌गुणाचे सोंग घेतो. येथे सज्जन मनुष्य दुसऱ्याच्या लाभासाठी दुर्गुणाचे सोंग घेण्यास आणि शांतीच्या आपल्या लौकिकावर पाणी सोडण्यास तयार आहे. दंभाची व्याख्या उलटी करून सद्‌गुणाची कसोटी शोधणारा हा प्रसंग अठराव्या शतकातील कोणत्याही विनोदी कथावाङ्‌मयात शोभून दिसेल. श्राद्धाच्या प्रसंगी ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न एकनाथांनी भुकेल्या अंत्यजांना दिले आणि ब्राह्मणांनी बहिष्कार घातल्यावर पितर स्वतः जेवावयास आले, ही कथाही ह्याच चरित्रात असून तिच्यात शुद्धीचे नियम व भूक ह्यांतील संघर्ष स्पष्टपणे मांडला आहे.

मर्यादा : एवढी उलटापालट करूनही महिपतींची कथा समाजाची घडी मोडीत नाही. तिच्या तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा जन्माच्या आधाराची. भक्तविजयाच्या आरंभीच कलियुगात पुराणकाळातील भक्तांनी अवतार घेतल्याची भूमिका आहे. नामदेव हे उद्धवाचे, कबीर हे शुकाचे, तर तुलसीदास हे वाल्मीकीचे अवतार. नामदेव दामाशेटींना नदीत वाहत आलेल्या शिंपल्यात सापडतात. फील्डिंगचा टॉम जोन्स हाही सापडलेला पोर आहे. तो ब्रिजेट ऑलवर्दीचा मुलगा, म्हणजे जमीनदार ऑलवर्दीचा भाचा असल्याचे कादंबरीच्या अखेरीस उघड होते आणि त्याचा सद्‌गुण व त्याचे रक्त ह्यांचा मेळ बसतो. तो अनौरस आहे, हा काटा फील्डिंगने शिल्लक ठेवला आहे खरा. तरीही अनोळखी पोराच्या चांगुलपणाला घराण्याचा पुरावा जोडण्याचा मोह त्यालाही टाळता आला नाही. महिपतींचा मोह वेगळ्या जातीचा आहे. ते शिंप्याला ब्राह्मण ठरवीत नाहीत, शिंपी शिंपीच राहतो. परंतु त्याच्या श्रेष्ठत्वाला ते पूर्वजन्माचे कुळ जोडतात. सामान्य शिंप्याचा सामान्य मुलगा केवळ आपल्या वागण्याने थोर होऊ शकतो, हे निःशंकपणे म्हणण्याचे धाडस दोघांपैकी कोणीच केलेले नाही.

दुसरी मर्यादा पात्रांच्या एकरंगीपणाची. फील्डिंगचा काळा जॉर्ज हा गरीब शिकारराखा टॉमच्या हरवलेल्या पाचशे पौंडांच्या नोटा दडवितो आणि तरीही टॉमवर त्याचा जीव आहे. दारिद्र्य माणसाला पवित्र करीत नाही, ह्याची जाण त्यामागे आहे. महिपतींचे खालच्या जातींतील नायक जवळजवळ निर्दोष आहेत. त्यामुळे ते पूज्य होतात. परंतु माणूस म्हणून त्यांची गुंतागुंत कमी होते. ह्याला अपवाद आहेत ते घरातील स्त्रियांचे आणि चुकून सुधारणाऱ्या विरोधकांचे. म्हणूनच ती पात्रे अधिक जिवंत वाटतात.

तिसरी आणि सर्वांत गंभीर मर्यादा परिहाराची. महिपतींच्या कथेत अन्याय चमत्काराने उघड होतो आणि पश्चात्तापाने संपतो. चोखामेळ्याच्या कथेत त्याला मारलेली थप्पड देवाच्या गालावर उमटते. प्रतिमा म्हणून हिच्याइतकी प्रभावी प्रतिमा मराठीत थोडी असेल. परंतु सुजलेला गाल पाहून बडव्याला पश्चात्ताप होणे ही एका माणसाची सुधारणा झाली; देवळाचा दरवाजा त्यामुळे उघडत नाही. भक्तविजय शतकाहून अधिक काळ घरोघरी भक्तिभावाने वाचला जात असतानाही पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना बंदच राहिले आणि ते उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. ग्रंथाची रचना आणि ही घटना ह्यांत १८५ वर्षांचे अंतर आहे. जी कथा ऐकून डोळे पाणावतात, ती कथा ऐकणाऱ्यानेच दाराशी उभ्या असलेल्याला अडवावे, हा दंभ कथेतील नसून श्रोतृवर्गातील आहे. आणि महिपतींच्या विनोदाचा रोख त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अर्थात ह्या बंद दरवाजाचे संपूर्ण ओझे एका कथाकारावर टाकणे न्याय्य नाही. मात्र चमत्काराने केलेली भरपाई श्रोत्याला स्वतः काही करण्याच्या जबाबदारीतून मोकळे करते, हा आक्षेप टाळता येत नाही.

प्रभाव व मूल्यमापन : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी राइज ऑफ द मराठा पॉवर (१९००) ह्या ग्रंथातील संतांवरील प्रकरणात महिपतींच्या चरित्रांचा आधार घेतला आणि सर्व जातींतील संतांच्या ह्या मेळ्यात महाराष्ट्राच्या धर्मसुधारणेचे चित्र पाहिले. विसाव्या शतकात जस्टिन ॲबट ह्यांच्या इंग्रजी भाषांतरांमुळे ही चरित्रे महाराष्ट्राबाहेर गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला द अनटचेबल्स (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा ह्यांच्या स्मृतीस अर्पण केला; चोखामेळ्याच्या सद्‌गुणाचा गौरव आणि त्याला बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा ह्या दोन गोष्टी तेथे एकत्र आल्या, ज्या महिपतींकडे एकत्र येऊ शकल्या नव्हत्या.

मराठी रंजनपरंपरेने महिपतींच्या दांभिकांना विशेष आपलेसे केले. प्रभात फिल्म कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) ह्या चित्रपटात एकनाथचरित्रातील अस्पृश्यतेचा प्रश्न आला. त्याचे महात्मा हे मूळ नाव परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. पुढील वर्षीच्या संत तुकाराम ह्या चित्रपटातील सालोमालो हा मंबाजीच्याच जातकुळीचा. आणि त्यातील जिजाईची भूमिका महिपतींनी तिला दिलेल्या रोखठोक वाणीचा वारसा सांगते.

महिपतींची रचना साधी, काही ठिकाणी पाल्हाळिक आणि दृष्टांतांच्या लांब माळांनी भरलेली आहे. फील्डिंगच्या निवेदकाप्रमाणे ते आपल्या कथेपासून दूर उभे राहून तिच्याकडे तिरकसपणे पाहत नाहीत. आपण पूर्वीच्यांनी सांगितले तेच सांगतो आहोत, असे ते श्रोत्यांना पुनःपुन्हा विनयाने सांगतात. परंतु ह्या विनयाच्या आड माणसे पारखणारी एक तीक्ष्ण नजर आहे. कोण कोणत्या आसनावर बसला आहे, ह्यावरून त्याचे मोल ठरविण्यास त्या नजरेने ठाम नकार दिला आणि अभिमानी, दांभिक व प्रामाणिकपणे चुकणारा ह्यांतील भेद मराठी कथनाला शिकविला. समाजाचे नियम बदलण्याचा विचार तिने केला नाही; मात्र त्या नियमांच्या आधाराने मोठे झालेल्यांकडे पाहून हसण्याचा अधिकार तिने सामान्य श्रोत्याला दिला. मराठीतील सामाजिक विनोदाच्या इतिहासात एकनाथांची भारुडे आणि एकोणिसाव्या शतकातील गद्य ह्यांना जोडणारा दुवा म्हणून महिपतींच्या चरित्रग्रंथांचे स्थान महत्त्वाचे आहे.